लवण म्हणजे मीठ नव्हे

मांजरी,
गुरुवार दुपार

प्रिय वरद,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते असं शाळेत शिकवलंय म्हणून लिहिलं. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. एखाद्या शब्दाचा अर्थ काढायला तू बसलास की काय होतं ते अख्ख्या मांजरीने पाहिलंय. आणि कागदावर का लिहितेय म्हणशील, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तू अंगठा दाखवतोस. फोन केला की मीटिंगमध्ये असतोस. आपल्या नकाशावर कमेंट टाकली तर 'प्रश्न सुटला' अशी खूण करून तू ती बंद करून टाकतोस. हा कागद आहे. इथे तुला एडिट करायचा हक्क दिलेला नाही. फक्त वाचायचं, आणि तेही शेवटपर्यंत.

नकाशाची कल्पना तुझी होती हे मी कधीच नाकारलं नाही. वाघोलीला आमच्या कॉलेजात तू कार्यशाळा घ्यायला आला होतास आणि भूगोलाची प्राध्यापिका म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तू म्हणालास, काही विकत घ्यायला नको, काही डाउनलोड करायला नको. एक लिंक, ती ब्राउझरमध्ये उघडायची आणि सगळ्यांसमोर एकच नकाशा. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने त्यावर काढायचं, बाकीच्यांना ते त्याच क्षणी दिसणार. शहरात नव्याने आलेल्या गावांमधलं पाणी कुठून कुठे जातं हे गावातल्या माणसांच्या डोक्यात आहे, ते नकाशावर आणू या, असं तू म्हणालास. मी आधी त्या वाक्यावर भाळले आणि मग तुझ्यावर. क्रम तोच होता, हे आज मुद्दाम सांगून ठेवते.

ती लिंक मांजरीत मी आणली. दुसऱ्या कोणाच्या घरी नाही, सरुकाकीच्या घरी. माझी चुलती, पण आई नोकरीवर जायची तेव्हा मला न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवणारी तीच, हे तुला साखरपुड्याच्या आधीपासून माहीत आहे. तिच्या ओट्यावर आपण लॅपटॉप मांडला तो रविवार आठवतोय? उपग्रहाच्या चित्रात तिला आधी आपल्या घराचा पत्रा सापडला, मग गोठा, मग उसाचा तुकडा. आणि मग त्या उसावरून नावाच्या चिठ्ठ्या लावलेले पाच-सहा बाण सरकायला लागले. आपल्या गटातली कोथरूड-कर्वेनगरची मंडळी घरबसल्या कामाला लागली होती. काकी चमकून म्हणाली, "ही कोण मान्सं आपल्या रानात फिरत्यात? इच्यारलं तरी का कुनाला?" आपण किती हसलो होतो. आज वाटतं, त्या दिवशी शहाणा प्रश्न विचारणारं तिथे एकच माणूस होतं.

नंतर ती म्हणाली, असं बसून काय कळणार, चला दाखवते. मी फोनवर रस्ता नोंदवायचं चालू केलं आणि तिच्या मागून निघाले. तुझे बूट नवे होते, तू ओट्यावरच थांबलास. आमच्या चालण्याची रेघ स्क्रीनवर कशी उमटते ते बघायचंय म्हणालास, आणि हुलग्याची शेंगोळी खात बघितलीस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला त्यातही कौतुकच वाटलं होतं. काकी बांधावरून उतरत उतरत खाली गेली. जमीन तिथे हलकेच खोल होत जाते, बाहेरच्या माणसाला ती उन्हाळ्यात कळणारही नाही. ना पाणी, ना दगडगोटे, नुसतं गवत. काकीने मधोमध उभं राहून सांगितलं, "हे लवण. वरच्या अंगाचं समदं पाणी हितनंच नदीला जातं. हितं कुनी घर बांधत नाय, कडबासुदिक ठेवत नाय." मी तिथेच खूण टाकली आणि लिहिलं: लवण. ज्याला माहिती आहे त्याचं नाव नोंदीला लागलंच पाहिजे हा तुझाच नियम होता, म्हणून काकीच्या फोनवरून तिचं खातं उघडलं आणि नोंद तिच्या नावाने केली. संध्याकाळपर्यंत तिने मला ते नाव तीनदा उघडून दाखवायला लावलं. सातबाऱ्यावर तिचं नाव काकाच्या मागे लागलं, नकाशावर मात्र पहिल्यांदाच एकटीचं लागलं होतं.

मग तू नकाशा 'स्वच्छ' करायला बसलास. सदाशिव पेठेत, पंख्याखाली, चहाचा कप शेजारी, हे सगळं मला न बघताही दिसतं. शेकडो लोकांनी शेकडो तऱ्हांनी लिहिलेलं एका साच्यात बसवायचं काम किचकट आहे, मान्य. कोणी ओढा लिहिलं, कोणी वढा, कोणी नुसतंच पाणी. ते सगळं तू जुळवलंस. आणि 'लवण'पाशी येऊन तू काय केलंस? क्षणभरही न थांबता त्याचा प्रकार बदलून टाकलास: 'क्षारपड जमीन'. लवण म्हणजे मीठ, मांजरी म्हणजे ऊस, उसाला पाणी जास्त झालं की जमिनीला मीठ फुटतं, भूगोलात शिकलेलं सगळं कसं चपखल बसलं! आमची काठावर चाललेली वेडीवाकडी रेघही तू सरळ करून दिलीस, वर तिला पांढरा रंग दिलास. त्या खुणेच्या बाजूलाच प्रश्न विचारायची चौकट होती, वरद. 'सरुबाई, लवण म्हणजे काय?' एवढंच लिहायचं होतं. शुद्धलेखनासाठी तू लोकांना त्याच चौकटीत छळलं आहेस. अर्थ विचारायला मात्र तुला सुचलं नाही, कारण अर्थ तुला आधीच माहीत होता.

पुढे काय झालं ते तुला माझ्याहून जास्त कळतं. कुठली जागा बांधकामाला बरी, याचं गणित नकाशा वेगळ्या थरावर आपणहून मांडतो. पाण्याची वाट असली तर लाल. पीक येणारी जमीन असली तर पिवळी. आणि जी पिकाला नालायक, ती बांधकामाला लायक, म्हणून हिरवी. तुझ्या एका शब्दाने आमचं लवण हिरवंगार झालं. आम्ही जिथे कडबा ठेवत नाही, तिथे तुझा नकाशा सांगत होता, इमारत बांधा.

मी हे पहिल्यांदा तुमच्या घरी सांगितलं तेव्हा तुझ्या आई, सुहासिनीकाकू, निवडत असलेल्या मेथीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "अगं पण लवण म्हणजे मीठच. आमच्या घरी लवणभास्कर चूर्णाची बाटली तुझ्या जन्माआधीपासून आहे." तू हसलास. मला तेव्हा पाहुणी म्हणून गप्प बसावं लागलं, ते आता बोलते. त्यांना सांग की चूर्ण जपून ठेवा, पचायला जड अशा बऱ्याच गोष्टी येणार आहेत. आणि त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलंय, तर 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच' हे त्यांनी फळ्यावर नक्की लिहिलं असेल. पातं लवतं तेव्हा त्याला मीठ लागतं का? लवणं म्हणजे वाकणं. जमीन जिथे लवते, खाली झुकते, ते लवण. हा काही आमचा अडाणी शब्द नाही, तुमच्याच भाषेतला आहे. तुम्ही तो फक्त बाटलीवर वाचलात.

इथवर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं. खरंच सांगते. चुका माझ्याही विद्यार्थ्यांच्या मी रोज दुरुस्त करते. पण लवणाच्या खालच्या अंगाला ज्यांचा गृहप्रकल्प येतोय त्यांनी आपला नकाशा छापून परवानगीच्या अर्जाला जोडला. लोकसहभागातून तयार झालेला, स्थानिकांनी स्वतः भरलेला, असं मोठ्या अक्षरांत वर लिहून. कुंपणाची भिंत त्यांनी बरोबर लवणाला आडवी घातली आहे. आणि मच्छिंद्रभाऊंनी, म्हणजे काकीच्या दिरानेच, ती लिंक देवळाच्या सभामंडपात दहाजणांसमोर उघडली. पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं की काय दिसतं, ठाऊक आहे ना? 'क्षारपड जमीन. नोंद: सरुबाई.' प्रकार तुझा आणि नाव तिचं. तू शब्द बदललास तेव्हा नकाशाने नाव बदललं नाही, कारण तुझ्या नियमाप्रमाणे पहिली नोंद करणाऱ्याचं नाव कायम राहतं. मच्छिंद्रभाऊ तिच्या दारात येऊन म्हणाले, "वैनी, किती दिलं गं बिल्डरनं? आपल्याच रानाला मीठ फुटल्यालं लिवून दिलंस व्हय?" पावसाळ्यात भिंतीला तुंबून पाणी कोणाच्या गोठ्यात शिरणार हे तिलाही कळतं, तिचाच गोठा पहिला आहे. पण एवढा विचार रागात कोण करतं.

तुला वाटेल भावकीतलं भांडण आहे, चार दिवसांत मिटेल. तर इथली बातमी ऐक. सकाळी आमच्या आळीतल्या बायका वाटी घेऊन विरजणाला काकीकडेच यायच्या. तिच्या हाताचं दही कधी आंबट होत नाही, असा तिचा लौकिक. आता वाटी घेऊन कोणी येत नाही. काकी अजूनही पहाटेचं विरजण बाजूला काढून ठेवते आणि दुपारी म्हशीच्या आंबोणात ओतते. माझ्यासमोर ओतत नाही, मी आत गेले की ओतते. मागच्या आठवड्यात म्हैस व्याली, तो खरवसही घरातच संपवावा लागला. आईने लग्नाच्या साड्यांचा विषय काढला की काकी मान डोलावते आणि उठून गोठ्यात जाते.

मी तुला हे सांगितलं तेव्हा तू काय केलंस? खात खात फोन उचललास, 'क्षारपड' काढून 'पाण्याची नैसर्गिक वाट' केलंस आणि फोन माझ्यासमोर धरलास. झालं! आणि गटावर लिहिलंस: 'मांजरी भागातील स्थानिक नोंदीतील संदिग्धता दूर करण्यात आली आहे.' वा! संदिग्धता! आणि तीही स्थानिक नोंदीतली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण निदान फाशी देणारा तिला 'संदिग्धता' तरी म्हणत नाही. काकीच्या नोंदीत एकच शब्द होता आणि तो अचूक होता. संदिग्ध काय होतं ते तू सांग. त्या वाक्यात 'मी' हा शब्द कुठे आहे ते मी दोनदा शोधलं. सगळा गट त्याखाली टाळ्या वाजवून मोकळा झाला. मच्छिंद्रभाऊंनीही ते वाचलं आणि म्हणाले, बघा, बोभाटा झाल्यावर म्हातारीनं गुपचूप बदलून घेतलं. म्हणजे तुझ्या दुरुस्तीने ती आणखी खोटी ठरली.

मी तुला म्हटलं, ये आणि सभामंडपात उभं राहून सांग की हे मी केलं. तू म्हणालास, एवढ्यासाठी नाटक कशाला, नकाशा आता बरोबर आहे ना? मग म्हणालास, तांत्रिक मर्यादा आहे, बदल कोणी केला ते साध्या प्रेक्षकाला दिसत नाही. मग म्हणालास, हवं तर खाली एक स्पष्टीकरण जोडतो. आणि शेवटी, मी पायात चपला घालत असताना, खरं कारण बाहेर पडलं: पुढच्या महिन्यात परिषदेत तू हाच नकाशा दाखवणार आहेस, आणि आत्ता असं काही बोललं गेलं तर लोक साऱ्या कामावरच शंका घेतील. घेऊ देत की. शंका घ्यायलाच हव्यात. निदान एका शब्दावर घ्यायला हव्या होत्या. मला तुझ्या न कळण्याचा राग नाही, वरद. मला राग आहे तो एका बाईचं नाव तू तुझ्या चुकीवर पांघरूण म्हणून राहू दिलंस याचा, आणि ते काढायला तुला अर्धं मिनिटसुद्धा जड झालं याचा. मला एवढी चिडलेली तू कधी पाहिलं नव्हतंस. मीही नव्हतं पाहिलं.

प्रकल्पावरच्या आक्षेपाचं माझं मी बघते आहे. चाललेल्या वाटेची मूळ रेघ माझ्या फोनमध्ये आहे, गेल्या पावसाळ्याचे फोटो आहेत, आमच्या विभागातले सर मोजणीला यायला तयार आहेत. त्यासाठी तुझी गरज नाही आणि हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र काल दुपारी जे ऐकलं त्यासाठी आहे. मी कॉलेजातून लवकर आले तर काकी घरात नव्हती. गोठ्यातून तिचा आवाज येत होता. वाटलं, बऱ्याच दिवसांनी कोणी बोलायला आलंय, म्हणून मी आनंदाने गेले. आत कोणी नव्हतं. म्हशीच्या गळ्यावर हात ठेवून ती एकटीच म्हणत होती, "माजंच चुकलं. मला नीट सांगता आलं न्हाई. मीच मीठ म्हनून सांगितलं." थांबायची आणि पुन्हा म्हणायची, शाळेत पोरं कविता पाठ करतात तशी. मी विचारलं, हे काय चाललंय? रविवारी सकाळी देवळात भावकी बसणार आहे, तिथे हे उठून बोलायचं तिने ठरवलंय. मी म्हटलं, पण तू मीठ म्हणाली नव्हतीस, मी शेजारी उभी होते! तर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय गं. पन त्यो उद्याचा जावई हाय आपला. जावई म्हनून पैल्यांदा गावात येनार नि चारचौघांत मान खाली घालनार? माजं काय, म्या अडानी म्हनून सोडत्याल." वरद, त्या बाईने बाजारात वांगं किडकं असलं तर आपणहून दाखवून विकलंय. ती पहिल्यांदा खोटं बोलायला शिकते आहे, तुझ्यासाठी, आणि म्हशीसमोर तालीम करते आहे. मी तिला थांबवणार नाही, थांबवून ती थांबणारही नाही. थांबवू शकतोस तो फक्त तू. ती उठायच्या आधी तुला उठावं लागेल. आलास, तर बाकीचं सगळं आपण भांडून मिटवू, मला भांडायला भरपूर येतं. आणि ती बोलून खाली बसल्यावर आलास, तर काकी पदर सावरून तुला जावई म्हणून पाट मांडेल. त्या पाटावर मी तुला बसू देणार नाही.

'तुझीच' लिहायचं की नाही, ते रविवारी ठरेल.

ऋतुजा